धुऱ्यावरची तार

खांबावर चढण्याआधी तो उजव्या हाताची पालथी बाजू खांबाला लावायचा आणि विचारायचा, "हायेस का बाप्पा?"

खांब काही बोलायचा नाही. मग तो समाधानाने मान हलवायचा, कमरेचा पट्टा आवळायचा आणि सरसर वर जायचा. हात पालथाच का लावायचा, हे त्यानेच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तळहात लावला तर करंट मूठ आवळून धरतो, सोडत नाही. पालथा लावला तर झिडकारून टाकतो. "करंटले डोळे नसते साहेब," तो म्हणायचा, "आपणच वळखी ठेवा लागते."

तेव्हा मी पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. तो आमचा वायरमन. सागाच्या जंगलाला लागून असलेली गावं आणि तांडे त्याच्याकडे. ऑपरेटर आणि वायरमन यांचं नातं तुम्हाला ठाऊक असेल तर प्रश्न नाही. नसेल तर एवढंच सांगतो, की तो तारेला हात लावतो तेव्हा त्याचा जीव माझ्या हातातल्या स्विचवर असतो. त्यामुळे लाइन बंद करून घेताना तो फोनवर माझ्याकडून दरवेळी वदवून घ्यायचा.

"बंद हाये ना साहेब? पोराची शपथ घेऊन सांगा."

"मला अजून पोर कुठे आहे?"

"मंग होणाऱ्या पोराची घ्या."

एवढा खांबावर निर्धास्त वावरणारा माणूस, पण जनावराला भ्यायचा. जंगली सोडा, गावातल्या कुत्र्यालाही. एकदा दुपारभर त्याचा "लाइन चालू करा" असा निरोप आलाच नाही. गिरणीवाले, पंपवाले मला फोनवर फोन करू लागले. शेवटी मीच त्याला लावला.

"काम तं कवाचं झालं साहेब," तो वरून म्हणाला, "पण लाइन चालू करू नोका. खाली कुत्रं बसलं हाये."

त्या दिवशी तीन गावांचा पुरवठा एका झोपलेल्या कुत्र्यामुळे बंद होता, हे मी रजिस्टरला कसं लिहावं? 'तांत्रिक कारण' असं लिहिलं.

तो बंजारा होता. त्यांचा तांडा अभयारण्याला अगदी खेटून. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले, आता सगळे कापूस, तूर, ज्वारी पिकवणारे. आईला तो याडी म्हणायचा आणि थोरल्या भावाला भिया. घरात नोकरीवाला तो एकटा. शेत भाऊ पाहायचा. लग्न करून तो सबस्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये राहायला आला, तरी रोज संध्याकाळी तांड्यावर फेरी मारल्याशिवाय त्याला भाकर गोड लागत नसे.

ती वर्षं कापसाला भाव नसल्याची होती. एकीकडे बियाणं महागलेलं, दुसरीकडे पाऊस लहरी, आणि बाहेरून पाहणीला येणाऱ्या गाड्यांची धूळ गावागावात. अशा वेळी हातात येणारं थोडं पीक डुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगायी, खाऊन जाऊ लागले, तेव्हा लोकांनी एक जालीम उपाय काढला. लाइनवर आकडा टाकायचा आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बांबूच्या खुंट्यांवरून उघडी तार फिरवायची. संध्याकाळी जोडायची, सकाळी काढायची. तुम्ही त्या भागात फिरला असाल तर अशा खुंट्या पाहिल्या असतील.

तो पाहायचा. सगळेच पाहायचे. कोणी बोलत नसे, कारण डुकराने लोळवलेली ज्वारीही सगळेच पाहत होते.

एका सकाळी एका शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीचा फ्यूज उडाल्याची तक्रार आली. तो गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"साहेब, पूर्ण फिडर बंद करा. अब्बीच्या अब्बी."

"काय झालं?"

"अस्वल चिकटलं. मेलं. पण त्याचं पिल्लू जित्तं हाये. ते पऱ्हाटीतून पळून राह्यलं, अन् इथं हरेक धुऱ्याले तार हाये."

मी त्या गावांची सगळी लाइन, म्हणजे तो फिडर, बंद केला. त्या शेताचा आकडा काढून त्याला घरी येता आलं असतं. पण पुढच्या शेतांच्या काही तारा दुसऱ्या सबस्टेशनच्या लाइनवरून आलेल्या, त्यातल्या किती अजून जिवंत आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. पिल्लू अर्धवट वाढलेलं, भेदरलेलं. तो कुत्र्याला भिणारा माणूस हातात काठी घेऊन त्या पिल्लाच्या पुढे पुढे पळत होता आणि एकेका धुऱ्यावरची तार खुंट्यांवरून खाली ओढत होता. मधूनच पिल्लू आईकडे परत फिरायचं, मग यालाही परत फिरावं लागायचं. वनखात्याची माणसं डबे वाजवत येईपर्यंत हे चाललं होतं.

इकडे माझ्या टेबलावरचा फोन थांबत नव्हता. जिनिंगवाल्यांचा आला, गिरणीवाल्यांचा आला. शेवटी आमच्या अभियंत्यांचा आला. "कोणाच्या परवानगीने बंद ठेवलाय?" मी म्हणालो, "वायरमन लाइनवर आहे, साहेब." यात खोटं काहीच नव्हतं.

दुपारी पिल्लू नाल्यात उतरलं आणि जंगलात दिसेनासं झालं. आईशिवाय ते पुढे जगलं की नाही, मला माहीत नाही. ज्या म्हाताऱ्याचं ते शेत होतं, तो धुऱ्यावर बसून एकच वाक्य बोलत होता, "मी तं डुकरासाठी लावलं होतं बावा." त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्याला गाडीत बसवून नेलं.

संध्याकाळी वायरमन सबस्टेशनवर आला. हातापायांना कापसाच्या पऱ्हाट्यांचे ओरखडे. चहा घेतला नाही. म्हणाला, "अस्वल बी गेलं, माणूस बी गेला. करंटले डोळे नसते साहेब. उद्या एखादं माणसाचं लेकरू जाईन."

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक काम अंगावर घेतलं. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याला कधी शाबासकीही मिळाली नाही. ड्यूटी संपली की दिवस मावळायच्या आत तो जंगलाकडेच्या शेतांतून चालत जायचा. आकडा दिसला की काढायचा. तार गुंडाळायची, नीट वेटोळं करायचं आणि मालकाच्या दारात नेऊन ठेवायचं. "घ्या, तुमचं सामान." तक्रार केली नाही, नाव कोणाचं दिलं नाही. त्या म्हाताऱ्याला गाडीत बसताना त्याने पाहिलं होतं.

लोक आधी हसले, मग चिडले. कोणी म्हणे, "डुकरं काय तुमची सोयरी हायेत?" तो वाद घालत नसे. "डुकरं खाते, खरं हाये," एवढंच म्हणायचा. ज्या घरांमध्ये लाइन दुरुस्त केल्यावर त्याला हमखास चहा मिळायचा, तिथे आता पाणीही मिळेना. पाण्याची बाटली तो घरूनच भरून नेऊ लागला.

मग एके दिवशी त्याने मला सांगितलं, "आज भियाची तार काढली."

 एवढंच सांगून त्याने पट्टा खुंटीला अडकवला आणि तो घरी गेला.

त्याच आठवड्यात डुकरांनी भावाची ज्वारी लोळवली. दाणा भरत आलेला होता. त्याची भावजय तांड्यावरून चालत सबस्टेशनच्या फाटकाशी आली. कपाळावर घाम, अंगावर आरशांची कांचोळी, आणि राग असा की आमचा चौकीदार आपोआप बाजूला झाला.

"तुमचा पगार पहिल्या तारखेले येते," ती दिराला म्हणाली. "पगार खाते का डुकरं तुमचा? आमचं वावर पाह्याले चाला."

"खरं हाये, भाभी."

"खरं हाये म्हणून काय होते?"

"काहीच होत नाही," तो म्हणाला.

 तिने पदराने तोंड पुसलं आणि आली तशी निघून गेली. त्यानंतर तांड्यावर भाऊ त्याच्याशी बोलेनासा झाला. हा दारात आला की तो खाट उचलून आत नेऊन टाकायचा. याडी दोघांच्या मध्ये. ती ओट्यावर येऊन याच्याजवळ बसायची, पण घरात चल असं म्हणायची तिची हिंमत होत नसे. तिला भाकर थोरला घालायचा.

मला वाटलं, आता हा थांबेल. पण त्याने वेगळंच केलं. ड्यूटीनंतर तो भावाच्या शेतात जागलीला जाऊ लागला. उरलेली ज्वारी राखायला भाऊ एका टोकाला बसायचा, हा न विचारता दुसऱ्या टोकाला. डुकरं हाकलायला दोघांकडे रिकामे डबे. सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी तो कामावर यायचा.

"बोलला का भाऊ?" मी विचारायचो.

"बोलत नाही. पण मी डबा वाजवला का तो बी वाजवते."

अशी सुगी गेली. त्या काळात अभयारण्यात नव्या रेंजर मॅडम आल्या होत्या. त्यांना याच्याबद्दल कुठून कळलं कोण जाणे, पण एक दिवस त्या सबस्टेशनवर आल्या. त्यांनी कौतुकाला सुरुवात केली तसा हा अस्वस्थ झाला.

"मॅडम, ते राहू द्या. मी तार काढतो, पण तिच्या जागी लावाले माह्याजवळ काही नाही. लोकायले काय देता ते सांगा."

मॅडमना याचा राग आला नाही, हे मला आवडलं. त्यांनी खटपट केली आणि उन्हाळ्याच्या शेवटी झटका मशीन आणलं. बॅटरीवर चालणारं, तारेत थांबून थांबून झटका सोडणारं. जनावर उडतं, पळतं, पण मरत नाही. आता ती मशीनं गावोगाव दिसतात. तेव्हा त्या भागात कोणी पाहिलं नव्हतं, आणि विश्वास ठेवायला तर कोणीच तयार नव्हतं.

तांड्याच्या लिंबाखाली लोक जमले. मॅडमनी समजावून सांगितलं. नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "यानं कोणी मरत नाही, तं डुक्कर काहून भेईन? अन् डुक्कर भेते, तं माणूस कसा वाचन?"

सगळे हसले. मागे भाऊ हाताची घडी घालून उभा होता. याडी लिंबाच्या पारावर बसली होती.

तेव्हा वायरमन पुढे झाला. मशीन चालू केलं. मी जवळच होतो. त्याने सवयीने हात पालथा केला, क्षणभर थांबला, आणि मग तो सरळ करून तळहाताने तार धरली.

"अय्याई गं!" तो ओरडला आणि चपला तिथेच ठेवून मागे उडाला. धोतरवाल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर जाऊन पडला.  याडी उठून उभी राहिली. तो मातीतून उठला, हात झटकला, आणि तो हात सगळ्यांना दाखवत गोल फिरला.

"पाहा. हाये ना जित्ता?"

मागून एक हसू फुटलं. भाऊच हसत होता. कित्येक महिन्यांनी त्याने धाकट्याशी तोंड उघडलं आणि म्हणाला, "अजून एक डाव धर."

"काहून?"

"मले नीट दिसलं नाही."

याने पुन्हा धरली. पुन्हा उडाला. आता सारा तांडा हसत होता. बायका तोंडावर पदर घेऊन, पोरं लोळून. तिसऱ्यांदा तो पुढे झाला तेव्हा भावाने त्याचं मनगट धरलं. "राहू दे आता. मरशीन." असं म्हणून त्याने स्वतः तार धरली.

तोही उडाला. दोघं मातीत शेजारी शेजारी बसून हात चोळत राहिले. याडी त्यांच्यापाशी गेली आणि आळीपाळीने दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. ती काय बोलली ते त्यांच्या बोलीत होतं, मला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

पहिलं मशीन भावाच्या शेताला लागलं. सगळं एकदम सुधारलं असं मी म्हणणार नाही. बॅटऱ्या उतरायच्या, तार गवताला टेकायची, आणि चोरून आकडे टाकणारेही काही राहिलेच. पण त्याच्या संध्याकाळच्या फेरीत दारात ठेवायची वेटोळी कमी होत गेली, आणि चहा परत सुरू झाला.

पुढच्या हिवाळ्यात मॅडमनी मशीन लावलेल्या शेतकऱ्यांना अभयारण्य पाहायला बोलावलं. आयुष्य जंगलाच्या कडेला गेलेलं, पण फाटकातून पाहुणे म्हणून आत गेलेलं त्यांच्यापैकी कोणीच नव्हतं. उघड्या गाडीत भाऊ, याडी, नाईक, आणखी दोघं, आणि मागच्या कोपऱ्यात मी. वायरमन यायला तयार नव्हता. "मले लाइनचं काम हाये," म्हणत होता. याडीने हात धरून त्याला आपल्या आणि भावाच्या मध्ये बसवलं.

गाइडने सांगितलं, खाली उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. याडीच्या हातात कोपरापर्यंत बलोये, बंजारा बांगड्या, होते. गाडी हलली की वाजायचे. तिने ओढणी सोडून दोन्ही हातांना घट्ट गुंडाळली आणि सगळी फेरी तशीच बसून राहिली. एका वळणावर ती हळूच म्हणाली, "ह्या वाटेनं आम्ही गुरं पाण्याले नेत होतो. तवा फाटक नव्हतं." तिच्या आवाजात तक्रार होती का, मला ठरवता आलं नाही. मॅडम पुढे बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

पाणवठ्यावर चितळं होती, मोर होते. मग झुडपातून एक डुकरीण निघाली, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. भाऊ अर्धवट उठला.

"हे पाहा! माही ज्वारी खाऊन आले लेकाचे."

"बस भिया, बस," वायरमनने त्याचा सदरा ओढला.

भाऊ बसला. डुकरीण नाकाडाने चिखल उकरत होती आणि पिल्लं तिच्या पायांत घोटाळत होती. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "स्वतःच्या घरी कसे गरीब दिसते."

तेवढ्यात चितळ ओरडलं. डुकरं नाहीशी झाली. गाइडने बोट केलं आणि सागाच्या वाळलेल्या पानांतून वाघ बाहेर आला. इतका निवांत, की आपण त्याच्या वाटेत आलोय याचीच लाज वाटावी.  मी वायरमनकडे पाहिलं. त्याने डोळे गच्च मिटले होते. दोन्ही हातांनी याडीचा ओढणीत गुंडाळलेला हात धरला होता.

याडी त्याच्या कानाशी वाकली. आणि त्या सगळ्या शांततेत मला तिची कुजबुज ऐकू येत राहिली. "आला... पाण्यापाशी बसला... पेऊन राह्यला... आता इकडं पाहून राह्यला..."

"गेला का?"

"नाही बाळा. थांब."

परत येताना मी त्याला छेडलं. एवढं सगळं केलंस, आणि वाघ समोर आला तर डोळे मिटून घेतलेस?

तो अजून घामाघूम होता. म्हणाला, "मी त्याले नाही पाह्यलं, पण त्यानं मले पाह्यलं असन ना? एकानं पाह्यलं तं पुरे."

नंतर माझी बदली झाली. आधी दारव्ह्याला, मग यवतमाळला. तोही काही वर्षं वणीकडे राजूरच्या कोळशाच्या भागात होता. तिथून कधीमधी फोन यायचा. "इथं जंगलच नाही साहेब, कुत्रेच कुत्रे." सेवानिवृत्त झाल्यावर तो क्वार्टर सोडून तांड्यावर गेला, भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या. याडी तोवर गेली होती.

मागच्या वर्षी थंडीत तो गेला. साधा ताप आला, छातीत भरला, आणि दवाखान्यातून परत आलाच नाही. मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा दिवस-कार्य आटोपलं होतं. भावजयीने चहा दिला. म्हातारी झाली होती, पण डोळ्यांतला तो जुना कडकपणा होता. मी निघालो तेव्हा माझ्या हातात नवऱ्याची काठी देऊन म्हणाली, "त्यायले वावरात जाऊन भेटा. घरात बसत नाही ते."

भाऊ शेताच्या जंगलाकडच्या बाजूला उभा होता. मला पाहून त्याने मान हलवली. आम्ही धुऱ्यावरून चालत गेलो. झटक्याची तार नीट ताणलेली होती, खालचं गवत कापलेलं. आत ज्वारी कणसाला आलेली. मग माझ्या लक्षात आलं की तारेच्या बाहेरही ज्वारी पेरलेली आहे. चार-सहा तासांचा, म्हणजे ओळींचा, एक लांब पट्टा, थेट जंगलाच्या झाडीपर्यंत. त्यात ताटं मोडलेली, माती उकरलेली, खुरांचे ठसे.

"हे बाहेर कसं राहिलं?" मी विचारलं.

"राह्यलं नाही. सोडलं." त्याने झाडीकडे बोट केलं. "बाहेरचं खाऊन गेले का आत येत नाही. म्हणून."

"त्याने सांगितलं होतं का?"

"त्यानं? नाही. त्यानं कधीच काही सांगितलं नाही." भावाने माझ्या हातातली काठी घेतली आणि बाहेरच्या पट्ट्यातलं एक वाकलेलं ताट काठीच्या टोकाने सरळ करून पाहिलं. ते पुन्हा वाकलं. "पुढच्या साली अजून दोन तास बाहेर पेरतो. पिल्लं लय झाली हायेत औंदा."